सोबत कोण आहे?

आमच्या घरात दोन भाषा सुखाने नांदतात. माझं माहेर उदगीरचं, मराठी. सासर भालकीचं, कन्नड. स्वयंपाकघरात एक भाषा, देवघरात दुसरी आणि भांडणात दोन्ही, अशी आमची रीत. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत हेच असल्यामुळे वाचकांना त्यात नवल वाटणार नाही. पण मागच्या दिवाळीनंतर मी चंदीगडला जायचं ठरवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एक प्रश्न असा आहे जो दोन्ही भाषांत अगदी एकाच सुरात विचारला जातो. माहेरी फोन केला तर वहिनी म्हणाली, “सोबत कोण आहे?” इकडे नणंद म्हणाली, “यार जोडी होगती?”

सोबत कोणीच नव्हतं. सगळी अडचण तीच होती.

माझे यजमान जाऊन आता चार वर्षं झाली. ते असताना आम्ही फिरलो नाही असं नाही. श्रीशैलम झालं, गोवा झालं, एकदा म्हैसूर-उटी झालं. पण तिकिटं त्यांनी काढायची, लॉज त्यांनी ठरवायचा, मी डबा करायचा आणि खिडकीशी बसायचं. ते गेल्यावर मी कॉलेज आणि घर याखेरीज कुठे गेले असेन तर लग्नाला आणि मातीला, तेही कोणाच्या तरी गाडीत मागच्या सीटवर.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. फाळणीचा धडा आला की दरवर्षी तीच वाक्यं सांगते. लाहोर पाकिस्तानात गेलं, भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून शिवालिकच्या पायथ्याशी नवं शहर वसवलं, त्याचं नाव चंदीगड. वीस वर्षं हे सांगत आले. मागच्या वर्षी पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, तुम्ही बघितलंय का ते?” वर्ग हसला, मीही हसले. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न काही जाईना.

मुलगा बेंगळुरूला इंजिनिअरिंगला आहे. तो सुट्टीत आला तेव्हा त्याला हळूच विचारलं. तो म्हणाला, “जा की आई. पण ती चाकाची बॅग ओढत बसू नकोस. माझी सॅक घे.” अशी मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पाठीवर सॅक अडकवून आरशासमोर उभी राहिले. शाळेत निघालेल्या बाईसारखी दिसत होते.

खरी भीती सासूबाईंची होती. मी त्यांना अत्ती म्हणते. नणंदेने त्यांच्यासमोरच विषय काढला. लोक काय म्हणतील, वय काय, दिवस कसले आहेत. अत्ती शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी एवढंच विचारलं, “अक्कमहादेवी कल्याणला आली, तेव्हा तिच्या सोबत कोण होतं?” नणंद गप्प झाली. बाराव्या शतकात उडुतडीहून निघून एकटीच बसवकल्याणपर्यंत चालत आलेल्या अक्काची गोष्ट आमच्या घरात लहान मुलांनाही ठाऊक आहे. तिच्यापुढे लोकांचं म्हणणं कोण घेऊन बसणार?

निघताना मी म्हटलं, “अत्ती, होग बर्तीनि.” त्या म्हणाल्या, “होगि बा.” आपल्या दोन्ही भाषांत ‘जाते’ असं कोणी म्हणत नाही. मराठीत ‘येते’, कन्नडमध्ये ‘जाऊन येते’. परत यायचं आहे हे आधीच सांगून ठेवायचं.

नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस धरली. ही गाडी नांदेडच्या हजूर साहिबपासून अमृतसरपर्यंत जाते, त्यामुळे अर्धा डबा पंजाबी यात्रेकरूंचा. वाटेत काही स्टेशनांवर सेवेकरी लंगरचं जेवण घेऊन उभे असतात. नेहमीचे प्रवासी स्टेशन यायच्या आधीच ताटल्या-डबे काढून तयार बसतात. मला ते माहीत नव्हतं. शेजारच्या बाईंनी आपली जादा ताटली माझ्या हातात दिली. मी दशम्या-चटणी काढली, ती त्यांनी खाल्ली. प्रवासाची सुरुवात तर झकास झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्ली आली आणि सगळं झकासपण उतरलं.

स्टेशनाबाहेर पाऊल ठेवल्याबरोबर चार हात सॅकला लागले. “मॅडम ऑटो, मॅडम होटल, मॅडम कुठे जायचंय?” नोव्हेंबरच्या त्या धुरकट हवेत डोळे चुरचुरत होते. पहिल्या लॉजवाल्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, मागे कोणी नाही हे पाहून म्हणाला, “सिंगल लेडीज को रूम नहीं देते.” दुसऱ्याने रूम शिल्लक नाही म्हणून सांगितलं, माझ्यानंतर आलेल्या जोडप्याला मात्र किल्ली दिली. तिसरा म्हणाला, “घर में कोई जेंट्स हो तो बात करा दो.” मी मुलाला फोन लावून दिला. वीस वर्षांच्या मुलाने तिकडून बेंगळुरूच्या हॉस्टेलमधून सांगितलं, की हो, ही माझी आई आहे. तेव्हा कुठे सेहेचाळीस वर्षांच्या प्राध्यापिकेला खोली मिळाली.

दोन दिवस दिल्ली पाहिली. लाल किल्ला पाहिला, चांदनी चौकात गर्दीने जिकडे नेलं तिकडे गेले. मेट्रोत बायकांच्या डब्यात चढले तेव्हा पहिल्यांदा श्वास घेतला. दिल्लीबद्दल मला तक्रार करायची नाही. एवढ्या माणसांना पोसणारं शहर घाईतच असणार. पण दोन दिवसांत मी एकदाही कुठे स्वस्थ बसले नाही. बसलं की कोणीतरी यायचं. काही विकायला, काही विचारायला, नाहीतर नुसतं बघायला. पायऱ्यांवर टेकले तर उठवलं, चहाच्या टपरीपाशी उभी राहिले तर ‘कोणाची वाट बघताय?’ म्हणून विचारलं. दुसऱ्या रात्री खोलीला आतून कडी लावून, तिला वर खुर्ची टेकवून मी मोबाइलवर परतीच्या गाड्या बघत होते.

गंमत अशी, की दिल्लीसुद्धा आखलेलंच शहर आहे, तेही दोनदा. सतराव्या शतकात शाहजहानने शाहजहानाबाद आखून बांधलं. पुढे १९११ मध्ये इंग्रजांनी राजधानी कलकत्त्याहून हलवायची घोषणा केली आणि लट्यन्स-बेकर यांनी आखलेल्या नव्या दिल्लीचं १९३१ साली उद्घाटन झालं. पहिली बादशहाच्या मिरवणुकीसाठी, दुसरी व्हाइसरॉयच्या. म्हणजे फूटपट्टी घेऊन रस्ते आखले की शहर शांत होतंच असं नाही. कोणाला डोळ्यांसमोर ठेवून आखलं, हे महत्त्वाचं. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा मी फक्त दमले होते. परतीचं तिकीट काढलं नाही याचं एकच कारण. पुढच्या बाकावरच्या त्या मुलीला काय सांगायचं?

सकाळी काश्मिरी गेटवरून बस धरली. पानिपत आलं तेव्हा खिडकीतून बाहेर बघत राहिले. कापडाची दुकानं आणि उड्डाणपूल याशिवाय काही दिसलं नाही, तरी छातीत कुठेतरी हललं. मराठी माणसाला ते गाव नुसतं ओलांडता येत नाही. मग कर्नाल, अंबाला, आणि चार-पाच तासांत कंडक्टर ओरडला, “सतरा सेक्टर!”

उतरले. सॅक घट्ट धरली आणि चार हातांची वाट पाहू लागले. एक रिक्षावाला आला, “जाणार का?” म्हणाला. मी नाही म्हटलं. तो गेला! परत विचारलं नाही. मी रस्ता ओलांडून समोरच्या सेक्टर २२ मध्ये आले. तिथल्या एका साध्या लॉजच्या काउंटरवर मनातल्या मनात उत्तरं जुळवत उभी राहिले. मुलगा आहे, त्याचा नंबर आहे, कॉलेजचं ओळखपत्र आहे. काउंटरवरच्या गृहस्थांनी आधार कार्ड पाहिलं, रजिस्टर पुढे ओढलं. त्यात एक रकाना सोबतच्या माणसाचा होता. त्यांनी त्यात पेनाने एक आडवी रेघ मारली आणि किल्ली दिली. “गरम पाणी सकाळी सहा से नऊ.” संपलं.

त्या आडव्या रेघेकडे मी किती वेळ बघत राहिले, कोण जाणे.

आता शहराबद्दल. फाळणीनंतर राजधानीसाठी ही जागा निवडली गेली, तेव्हा पहिला आराखडा अल्बर्ट मेयर या अमेरिकन नियोजनकाराने केला. त्याचा जोडीदार मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेला आणि काम ल कॉर्ब्युझिए या स्विस-फ्रेंच वास्तुकाराकडे आलं. त्याच्यासोबत त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू होते. आपल्याकडचे मुख्य अभियंता पी. एल. वर्मा आणि कितीतरी तरुण भारतीय वास्तुकार होते. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते राजधानीचं उद्घाटन झालं. एवढं मी वर्गात सांगतच होते. पण चालल्याशिवाय जे कळत नाही ते आता सांगते.

सगळं शहर चौकटींत विभागलेलं आहे. एक चौकट म्हणजे एक सेक्टर, साधारण १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद. वेगाच्या गाड्या सेक्टरच्या बाहेरून जातात, आत शिरत नाहीत. घरांची तोंडं मोठ्या रस्त्याकडे नाहीत, आतल्या बाजूला आहेत. सेक्टरच्या मधून एक बाजाराचा रस्ता आडवा जातो आणि एक हिरवा पट्टा उभा. शाळा, दवाखाना, किराणा, भाजी, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. रस्त्यांच्याही सात पायऱ्या केल्या आहेत. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या हमरस्त्यापासून ते घराच्या दारापर्यंतच्या गल्लीपर्यंत आणि बागेतल्या पायवाटेपर्यंत. त्यामुळे घाईतला माणूस आणि निवांत माणूस एकमेकांच्या पायात येत नाहीत. आमच्या भालकीच्या बाजारात किंवा कलबुर्गीच्या सुपर मार्केटपाशी म्हैस, मोटारसायकल, मिरवणूक आणि मुलाला शाळेत सोडायला निघालेली आई एकाच रस्त्यावर असतात आणि चौघंही चिडलेली असतात. माणसं वाईट नसतात हो, रस्ता एकच असतो.

झाडांचंही तसंच. एम. एस. रंधावा नावाचे सनदी अधिकारी वनस्पतिशास्त्रातले जाणकार होते. कुठल्या रस्त्याला कुठलं झाड, हे त्यांच्या देखरेखीखाली ठरलं. मी ज्या रस्त्याने चालले त्याला दोन्ही बाजूंनी एकाच जातीची झाडं होती, एकमेकांत फांद्या गुंतवून उभी. कोवळं ऊन त्यातून खाली ठिबकत होतं.

दुपारी हिरव्या पट्ट्यातल्या एका बाकावर बसले. सॅक शेजारी ठेवली. पहिली दहा मिनिटं मी तयारीतच होते, आता कोणीतरी येणार. एक म्हातारे सरदारजी वर्तमानपत्र वाचत होते. दोन मुली अभ्यास करत होत्या. एक कामवाली बाई चपला काढून गवतावर पाय पसरून डबा खात होती. कोणी आलं नाही. अर्धा तास गेला, तास गेला. मग मी चपला काढल्या आणि पाय वर घेऊन मांडी घातली. घराबाहेर, भर दुपारी, काही काम नसताना, कोणाची वाट बघत नसताना मी अशी शेवटची कधी बसले होते? आठवून पाहिलं. लग्नाआधी, उदगीरला, आमच्या वाड्याच्या ओट्यावर.

बाईमाणसाने बाहेर असायला आपल्याकडे काहीतरी कारण लागतं. हातात पिशवी लागते, नाहीतर लेकरू लागतं. हे शहर आखणाऱ्यांनी विनाकारण आलेल्या माणसासाठीही जागा ठेवली होती. माझ्या मते त्याची शांतता इथे आहे, रुंद रस्त्यांत नाही.

संध्याकाळी सुखना तलावावर गेले. तोही मुद्दाम केलेला आहे. १९५८ मध्ये डोंगरातून येणाऱ्या पावसाळी ओढ्याला बांध घालून पाणी अडवलं. बांधावर वाहनांना मनाई. त्यामुळे तिथे फक्त पावलांचा आवाज, पलीकडे शिवालिकची निळी रेघ आणि पाण्यावर थंडीचे पाहुणे पक्षी. नवरा-बायको, आजोबा-नातू, एकटे-दुकटे सगळे चालत होते.

दुसऱ्या दिवशी कॅपिटॉल पाहिलं. ओळखपत्र दाखवून, वाटाड्याबरोबर. उच्च न्यायालय, विधानभवन, सचिवालय. २०१६ पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. उघड्या काँक्रीटच्या त्या प्रचंड इमारती मला खरं सांगायचं तर आवडल्या नाहीत, पण एका गोष्टीने माझं लक्ष धरून ठेवलं. १ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा वेगळं झालं, तेव्हापासून हे शहर दोन राज्यांची राजधानी आहे आणि स्वतः केंद्रशासित. एकाच विधानभवनाच्या छपराखाली दोन विधानसभा, एकच उच्च न्यायालय दोघांचं. शहर कोणाचं, हा वाद मिटलेला नाही. १९८५ च्या करारात ते पंजाबला द्यायचं ठरलं, पण दिलं गेलं नाही. हे ऐकताना मला आपली आठवण आली नसती तरच नवल. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, जुन्या बीदर जिल्ह्यातलं उदगीर महाराष्ट्राकडे गेलं, भालकी इकडे राहिली. माझं माहेर आणि सासर यांच्यामधून ती रेघ गेली. वाद कोर्टात आहेत, ते राहोत. पण इथेही तलावावर फिरणारी माणसं पंजाबीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत संपवत होती, अगदी आमच्या स्वयंपाकघरासारखी.

तिथेच तो ‘उघडा हात’ आहे, २६ मीटर उंच, वाऱ्याबरोबर वळणारा. द्यायला उघडा आणि घ्यायलाही उघडा, असा त्याचा अर्थ सांगतात.

या शहराचं सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. इथे मोकळं माळरान नव्हतं, गावं होती. शेतं, विहिरी, घरं होती, ती उठवली. सरकारी घरं पगाराच्या पायरीप्रमाणे तेरा प्रकारची बांधली, मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत. आपल्याकडे गल्लीच्या नावावरून माणसाची जात कळते, तिथे ती कळत नाही हे खरं. पण सेक्टरच्या नंबरावरून पगार कळतो. आणि ज्यांनी विटा वाहिल्या, त्या मजुरांच्या वस्त्यांना मूळ आराखड्यात जागाच नव्हती. ती बाकावरची कामवाली बाई संध्याकाळी बसने शहराच्या कडेला जाणार होती, हे मी तिलाच विचारून घेतलं.

म्हणूनच रॉक गार्डनमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. नेक चंद हे रस्ते खात्यातले साधे निरीक्षक. फाळणीत त्यांचं गाव पलीकडे राहिलं. शहर बांधण्यासाठी जी गावं पाडली, त्यांचा राडारोडा, फुटक्या कपबशा, मोडक्या सायकली हे गोळा करून सायकलवरून रानातल्या ओढ्यात न्यायचे आणि १९५७-५८ पासून रोज नोकरी संपल्यावर तिथे गुपचूप मूर्ती करायचे. जागा सरकारी, बांधकामाला बंदी. जवळजवळ अठरा वर्षं कोणाला पत्ता नव्हता. सापडलं तेव्हा पाडून टाकणं नियमाला धरूनच झालं असतं. पण लोक बघायला येऊ लागले आणि १९७६ मध्ये ते सगळ्यांसाठी उघडलं. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ साली ते गेले. एवढ्या आखीव शहरात माणसं ज्याच्यावर जीव टाकतात ती जागा आराखड्यात नव्हतीच!

तिथे एका चढणीवर बायकांच्या मूर्तींच्या रांगा आहेत. अंगभर रंगीत काच. जवळ जाऊन पाहिलं तर काचेच्या बांगड्यांचे तुकडे. लाल, हिरवे, पिवळे, हजारोंनी.

आपल्या मराठीत बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून ही काळजी. फक्त एकाच प्रसंगी खरा शब्द वापरतात. चार वर्षांपूर्वी माझ्या बाबतीत तो वापरला गेला. करणाऱ्या बायका परक्या नव्हत्या, रडत रडतच करत होत्या. अत्तींच्या हातांचं तर त्याहून आधी झालेलं. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव करून या प्रथा बंद केल्या, ती बातमी मी घरी मोठ्याने वाचली होती. तेव्हा अत्ती काही बोलल्या नव्हत्या. मीही पुढे काही केलं नव्हतं. ठराव हेरवाडने केला होता, भालकीतल्या आमच्या घराने नाही.

त्या मूर्तींपुढे उभी असताना मला वाटलं, इथल्या बांगड्या खरोखरच वाढल्या. एका फुटलेल्या घरातून आलेल्या माणसाने त्या वाढवल्या.

शेवटच्या संध्याकाळी लॉजजवळच्या गुरुद्वाऱ्यात गेले. डोक्यावर पदर घेऊन पंगतीत बसले. शेजारी एक आजी, सत्तरीच्या पुढच्या. तीन दिवसांत मला पहिल्यांदाच कोणी तो प्रश्न विचारला, पण निराळा. सोबत कोण, हे त्यांनी विचारलं नाही. “बेटी, किथों आई?” कुठून आलीस?

म्हटलं, कर्नाटक. त्यांना काही कळलं नाही. मग म्हटलं, “बीदर.”

आजींनी हातातली पोळी खाली ठेवली. “बिदर? भाई साहिब सिंघ जी दा बिदर?” आणि माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. पलीकडच्या बाईला सांगितलं, तिने तिच्या पलीकडच्या. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये आनंदपूरला शिर मागितलं तेव्हा जे पाच जण उठले, त्या पंजप्यारेंपैकी साहिब सिंघ हे आपल्या बीदरचे. आणि गुरू नानक दक्षिणेत आले तेव्हा त्यांनी जिथे गोड पाण्याचा झरा मोकळा केला असं मानतात, तो नानक झिराही आपल्या बीदरचा. वीस वर्षांत शंभर वेळा त्या कमानीवरून माझी बस गेली असेल. आणि इथे दोन हजार किलोमीटरवर एक आजी माझा हात सोडत नव्हत्या, कारण तो हात तिथून आला होता. त्यांचं बीदर बघायचं राहून गेलं होतं. त्यांनी माझे हात आपल्या कपाळाला लावले. मोकळे, बिनबांगड्यांचे हात.

मला वाटतं, तेव्हा मला दोन्ही गोष्टी एकदम कळल्या. शांतता म्हणजे नको तो प्रश्न कोणी न विचारणं. आणि आपुलकी म्हणजे हवा तो प्रश्न कोणीतरी विचारणं. बाक त्या शहराच्या आखणीने दिला. ‘किथों आई’ आखणीतून येत नाही, ते माणसांकडेच असतं. दोन्ही एका गावात मिळाली की पाहुण्याला ते गाव आपलं वाटतं.

लॉजवर परतताना सेक्टर २२ च्या बाजारात काचेच्या बांगड्यांचं दुकान होतं. आत गेले. दुकानदाराने माझ्या कपाळाकडे पाहिलं नाही, मनगटाकडे पाहिलं आणि माप विचारलं. मी हिरव्या घेतल्या, दोन डझन. घातल्या मात्र नाहीत. सॅकमध्ये कपड्यांत गुंडाळून ठेवल्या.

घरी आले तेव्हा सांज झाली होती. अत्ती दारातच होत्या. “ऊट आतेन?” एवढंच विचारलं. जेवण झाल्यावर मी सॅक रिकामी करत असताना त्या येऊन बसल्या. कपड्यांतून बांगड्यांचं पुडकं निघालं. दडवायला वेळ मिळाला नाही. त्यांनी ते सोडलं, एक बांगडी बोटांत धरून दिव्यासमोर फिरवून बघितली. मी श्वास रोखून होते.

“एष्टक्क तगोंडी?” अत्तींनी विचारलं.

मी किंमत सांगितली.

“तुला फसवलं,” त्या म्हणाल्या. “भालकीच्या बाजारात याच्या निम्म्याला मिळतात.” आणि ती बांगडी त्यांनी स्वतःच्या हातात चढते का पाहिलं. चढली नाही. मग माझा हात ओढून घेतला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी बीदरला गेलो. चौबाऱ्यापाशी उतरलो. बहमनी राजांनी गुलबर्ग्याहून राजधानी इकडे आणली, तेव्हाचं हे आखीव गाव. मधोमध मनोरा आणि चहूकडे रस्ते. बसायला जागा शोधली, एका बंद दुकानाची पायरी मिळाली. तिथे टेकलो. मग झिऱ्यावर गेलो. पंजाबकडचं एक कुटुंब फोटो काढत उभं होतं. पाठीवर सॅक, चेहऱ्यावर प्रवासाचा थकवा. कोणाकडे जावं, काय विचारावं, कळत नव्हतं त्यांना.

मी जवळ गेले आणि विचारलं, “किथों आए?”